गाडी उभी राहिली की हीटर गार, पळताना गरम. डावीकडे तर कायम गार वारा. नेमकं कुठे बघायचं?

निफाडकर

गाडी 2016 ची डिझेल सेदान, दोन झोनचा (डावीकडे-उजवीकडे वेगळं तापमान ठेवता येणारा) ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल. जानेवारीत नाशिकहून निघून शिमला–किन्नौर मार्गे हिमाचलमधल्या काझाला जायचं ठरलंय, त्यामुळे हीटरचा निकाल आत्ताच लावायचा आहे. तक्रारी अशा:

गाडी पळत असताना चांगली गरम हवा येते. सिग्नलला किंवा टोलच्या रांगेत दोन-तीन मिनिटं उभी राहिली की वारा कोमट होतो, मग गार. जरा रेस दिली की पुन्हा गरम. इंजिनच्या तापमानाचा काटा मात्र मध्यावरून हलत नाही.

दुसरं, डाव्या सीटकडचा वारा कायम गार. डावीकडे 22 ठेवा नाहीतर 28, काही फरक नाही. इग्निशन ऑन केलं की ग्लोव्ह बॉक्सच्या मागून थोडा वेळ टिकटिक ऐकू येते.

तिसरं, पहाटेच्या थंडीत पुढची काच आतून धूसर होते आणि हीटर लावूनही लवकर सुटत नाही.

गॅरेजमध्ये सांगितलं की हीटर कोअर गेलाय, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. एकदा डॅशबोर्ड उतरवला की पुढे खडखड मागे लागते, म्हणून त्याआधी खात्री करून घ्यायची आहे. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) बॉटलमधली पातळी मिनिमम आणि मॅक्सिममच्या मध्ये दिसते.

बोनेटखालून

डॅशबोर्डला अजून हात लावू देऊ नका. तुमच्या गाडीत दोन वेगळे बिघाड दिसतायत. एक पाण्याच्या बाजूचा, दुसरा हवेच्या बाजूचा.

आधी रचना समजून घ्या, मग बाकीचं आपोआप उलगडेल. इंजिनमधलं गरम कूलंट फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाणाऱ्या दोन होजमधून (रबरी नळ्यांमधून) डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये फिरतं. तोच हीटर कोअर. ब्लोअरची हवा आधी एसीच्या कूलिंग कॉइलमधून जाते आणि त्यानंतर तिच्या वाटेत एक फ्लॅप असतो. हा फ्लॅप ठरवतो की किती हवा हीटर कोअरमधून जाईल आणि किती त्याला वळसा घालून. आजच्या बहुतेक गाड्यांत कोअरमधलं पाणी चालूच असतं. तुम्ही 22 करा की 28, हलतो तो फक्त फ्लॅप. दोन झोनच्या गाडीत असे दोन फ्लॅप असतात आणि प्रत्येकाची मोटर वेगळी.

आता तुमची पहिली तक्रार. उभं असताना गार आणि पळताना गरम, याचा अर्थ आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) कोअरमधून पुरेसं पाणी फिरत नाहीये. वॉटर पंप इंजिनच्या वेगावर चालतो. 800 आरपीएमला (मिनिटाला 800 फेरे) त्याचा जोर कमी, 2500 ला बराच जास्त. वाट मोकळी असेल तर आयडलचा जोरही पुरतो. पुरत नाही म्हणजे सिस्टीममध्ये हवा अडकलीय, कूलंट कमी आहे, कोअर अर्धवट तुंबलाय किंवा पंपाची पाती झिजलीत. मी याच क्रमाने तपासेन, कारण खर्चही याच क्रमाने वाढतो.

याच्या नेमकं उलट लक्षण असेल, म्हणजे ट्रॅफिकमध्ये गरम आणि हायवेला गार, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असतो. तेव्हा घाट उतरताना काटाही खाली येतो आणि स्कॅनरवर बहुधा पी0128 हा, म्हणजे इंजिन पुरेसं तापत नसल्याचा, कोड मिळतो. आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. त्या गाडीचा हीटर हिवाळ्यात कधीच धड चालत नाही, आणि थंड इंजिन डिझेलही जास्त पितं. तुमचा काटा स्थिर आहे, त्यामुळे थर्मोस्टॅटवर माझा संशय नाही.

एक मोजमाप करून इथे लिहा. इंजिन पूर्ण तापू द्या, दोन्ही बाजू कमाल गरमवर, ब्लोअर मध्यम. फायरवॉलजवळच्या दोन्ही हीटर होजचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या, एकदा आयडलला आणि एकदा 2500 आरपीएमला. नेम काळ्या रबरावर धरा. चकचकीत क्लॅम्पवर धरलात तर आकडा खोटा येतो.

दोन्ही होज कडकडीत गरम असून आत वारा गार, तर दोष फ्लॅपचा. एक गरम आणि दुसरा गार, तर कोअरमधून पाणी जात नाही. दोन्ही कोमट, तर कूलंट, पंप किंवा थर्मोस्टॅट.

निफाडकर

मोजलं. आयडलला आत जाणारा होज 84, बाहेर येणारा 43. 2500 आरपीएमला 86 आणि 69. उजवीकडच्या व्हेंटमध्ये रेस दिल्यावर 57 अंश मिळाले, डावीकडे तेव्हाही 24.

बोनेटखालून

म्हणजे पाणी जातंय, पण अपुरं. उजवीकडे 57 मिळाले, त्या अर्थी कोअर पूर्ण गेलेला नाही. फुटलेला तर नाहीच. फुटलेल्या कोअरची लक्षणं वेगळी: केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून तेलकट थर, बॉटल हळूहळू रिकामी, आणि कोअर ज्या बाजूला त्या बाजूच्या पायाखालचं कार्पेट ओलं. डावीकडचे 24 हे फ्लॅपचं प्रकरण दिसतंय, ते शेवटी पाहू.

रेडिएटरवाले

पाण्याच्या बाजूचं मी सांगतो.

आधी हवा काढा. गाडी चढावर नाक वर करून लावा, म्हणजे बॉटलचं तोंड सगळ्यात उंच राहील. इंजिन थंड असतानाच टोपण उघडा, गरम इंजिनवर कधीही नाही. पातळी भरा, दोन्ही झोन कमाल गरमवर ठेवा आणि इंजिन चालू करा. काही इंजिनांवर हीटर होजवर किंवा थर्मोस्टॅट हाउसिंगवर एअर ब्लीड स्क्रू असतो. तो थोडा सैल करा आणि बुडबुडे थांबून पाण्याची सलग धार आली की घट्ट करा. अधूनमधून 2000 आरपीएमपर्यंत रेस द्या, वरचा होज दाबून सोडा. पातळी उतरली की भरा. पाणी गरम होऊन वर यायला लागलं की टोपण लावा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा पातळी बघा.

बॉटलमधली पातळी बरोबर दिसते एवढ्यावर विसंबू नका. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळं टोपण आणि बाजूला साधी ओव्हरफ्लो बाटली असते, तिथे बाटली अर्धी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं सर्रास होतं. टोपणाच्या आतला छोटा व्हॉल्व्ह चिकटला की थंड होताना पाणी परत ओढलं जात नाही.

हवा काढूनही काही दिवसांत तीच तक्रार परत आली तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) तपासा. सिलेंडरचा गॅस कूलंटमध्ये शिरत असेल तर हवा कितीही काढा, पुन्हा होते. बॉटलच्या तोंडावर बसवायचा टेस्टर मिळतो, त्यातला निळा द्रव पिवळा (डिझेलमध्ये हिरवा) झाला की गॅस आहे असं समजायचं.

हवा काढूनही होजमधला फरक कमी झाला नाही तर कोअर रिव्हर्स फ्लश करा, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून धुवा. दोन्ही होज फायरवॉलपाशी सोडवा. इथे घाई नको. जुन्या गाडीत कोअरचे नळ प्लॅस्टिकचे असले तर ते ठिसूळ झालेले असतात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, होज आधी गोल फिरवून मोकळा करा. तरी सुटला नाही तर होज लांबीत चिरा. होज स्वस्त आहे, नळ तुटला तर मात्र खरोखरच डॅशबोर्ड उतरवावा लागेल.

मग बाहेर येणाऱ्या नळातून बागेच्या पाइपचं पाणी सोडा, तोटी अर्धीच उघडून. इमारतीच्या टाकीचा साधा दाब पुरतो, वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप लावायचा नाही. दुसऱ्या नळाला पारदर्शक पाइप लावून तो बादलीत सोडा. पहिल्यांदा तपकिरी गाळ येईल, कधी पांढरे कपचे येतील. पाणी स्वच्छ झालं की उलट दिशेने सोडा, मग पुन्हा पहिल्या दिशेने. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन काढा. ॲसिड अजिबात नको. जुन्या पितळी रेडिएटरला ते चालवून घ्यायचे, आताचा ॲल्युमिनियमचा कोअर त्याने खाल्ला जातो.

हा गाळ येतो कुठून? बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यातून. टॉप-अप म्हणून बोअरचं पाणी ओतलं की त्यातले क्षार कोअरच्या बारीक नळ्यांत बसतात, कारण अख्ख्या सिस्टीममध्ये सगळ्यात अरुंद वाट तीच. रेडिएटर गळतो म्हणून ओतलेली लीक-स्टॉप पावडरही तिथेच जाऊन बसते. आणि दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र केली तर जेलीसारखा गाळ धरू शकतो. कूलंटच्या रंगावर जाऊ नका, हिरवं-गुलाबी हे काही प्रमाण नाही. मॅन्युअलमध्ये जो स्पेसिफिकेशन नंबर दिलाय तो जुळवा.

थर्मिस्टर

टिकटिक आणि डावीकडचा गार वारा, याचं कारण जवळजवळ नक्की डाव्या फ्लॅपची मोटर आहे. आत छोटी मोटर आणि प्लॅस्टिकचे गिअर असतात. गिअरचा दात तुटला की मोटर फिरत राहते, फ्लॅप जागचा हलत नाही आणि दात घसरतानाचा आवाज टिकटिक असा येतो. इग्निशन ऑन केल्यावर कंट्रोलर फ्लॅपची दोन्ही टोकं तपासतो, म्हणून आवाज नेमका तेव्हाच.

खात्री अशी करा. डावीकडे तापमान एकदम लो, मग एकदम हाय करा. या दोन टोकांना कंट्रोलर सेन्सरकडे बघतच नाही, फ्लॅप थेट पूर्ण गार किंवा पूर्ण गरम बाजूला नेतो. त्याने वाऱ्यात फरक पडला नाही तर सेन्सर निर्दोष, दोष मोटरचा किंवा फ्लॅपचा.

बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स काढला की त्या बाजूची मोटर हाताला लागते. दोन-तीन स्क्रू आणि एक कनेक्टर. मोटर काढल्यावर नवीन लगेच बसवू नका, आधी फ्लॅपचा दांडा बोटाने फिरवून बघा. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज फिरला पाहिजे. फ्लॅपच जाम असेल तर नव्या मोटरचेही दात जातील. नवी बसवल्यावर कॅलिब्रेशन लागतं. काही गाड्यांत इग्निशन ऑन करून कुठलंही बटण न दाबता मिनिटभर थांबलं की ते आपोआप होतं, काहींत स्कॅनरमधून करावं लागतं. ते न करताच गाडी परत दिली तर डावीकडे 22 ला भट्टी किंवा बर्फ, असं काहीतरी होतं आणि मग दोष नव्या मोटरवर येतो.

एक सावधगिरी: कोअर अर्धवट तुंबला असला तरीही दोन बाजूंच्या तापमानात फरक पडतो. पण तो फरक 10-15 अंशांचा असतो, आणि रेस दिली की दोन्ही बाजू वाढतात. तुमच्याकडे 57 आणि 24 आहे, शिवाय डावीकडचा आकडा रेस देऊनही तसाच. म्हणून मोटरवर बोट ठेवतोय.

आता सेन्सरबद्दल, कारण ऑटोमॅटिक सिस्टीमच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. केबिनचं तापमान मोजणारा सेन्सर स्टीअरिंगजवळ किंवा एसी पॅनेलवर एका बारीक जाळीमागे असतो. त्यातून थोडी हवा सतत ओढली जाते, म्हणून त्याला केबिनचं खरं तापमान कळतं. जाळी धुळीने बुजली की तो फक्त डॅशबोर्डच्या आतलं तापमान वाचतो आणि कंट्रोलर चुकीचा निर्णय घेतो. मऊ ब्रशने साफ करा, फुंकर मारून धूळ आत ढकलू नका.

दुसरा सेन्सर उन्हाचा. डॅशबोर्डवर काचेजवळ वाटाण्याएवढं काळं टोपण असतं. त्यावर मखमली मॅट, टॉवेल किंवा गणपतीची मूर्ती आली की कंट्रोलरला वाटतं गाडी सावलीत आहे. उन्हाळ्यात "22 ठेवलं तरी दुपारी थंड होत नाही" या तक्रारीचं हे एक कारण. मूर्ती चार बोटं सरकवली तरी पुरतं.

तिसरा बाहेरच्या तापमानाचा, पुढच्या बंपरमागे. बंपरचं काम झाल्यावर त्याचा कनेक्टर लावायचा राहिला तर डिस्प्लेवर उणे 40 दिसतं. बाहेर कडाक्याची थंडी आहे असं समजून कंट्रोलर एसीचा कॉम्प्रेसर बंद ठेवतो.

थंड इंजिनवर ऑटो मोडमध्ये ब्लोअर सुरुवातीला जवळजवळ बंद असतो, तो बिघाड नाही. कूलंट पुरेसं तापेपर्यंत गार वारा अंगावर येऊ नये म्हणून कंट्रोलर थांबतो. आणि 22 ऐवजी 28 केल्याने गाडी लवकर तापत नाही. थंडीत 22 लाही फ्लॅप पूर्ण गरम बाजूलाच असतो. 28 केल्याने फक्त नंतर उकडतं.

निफाडकर

टोपण उघडलं तर बाटलीत पाणी असूनही रेडिएटर वरून बराच रिकामा होता! तुम्ही सांगितलेल्या पद्धतीने भरून हवा काढली. आता आयडलला 85 आणि 66. डावीकडे लो आणि हाय करून बघितलं, वारा तसाच गार. म्हणजे मोटर. टोपणही नवीन घेतोय.

काच धूसर होते त्याचं काय करू?

बोनेटखालून

66 म्हणजे पाणी व्यवस्थित फिरतंय, फ्लश सध्या राहू द्या. पाणी गेलं कुठे ते मात्र शोधा. टोपण, होजचे क्लॅम्प आणि वॉटर पंपाचं खालचं छोटं भोक बघा. भोकाखाली वाळलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ असेल तर पंपाचं सील चाललंय.

काचेबाबत लोक नेमकं उलटं करतात. थंडी वाजते म्हणून आतली हवा फिरवायचं बटण दाबतात आणि एसी बंद ठेवतात. चार माणसांच्या श्वासातली वाफ आतच राहते आणि गार काचेवर बसते. बाहेरची हवा चालू करा, एसीचं बटण चालू ठेवा, तापमान गरम आणि वारा काचेवर. कूलिंग कॉइल हवेतलं पाणी काढून घेते आणि मग तीच कोरडी हवा हीटर कोअरवर तापते. पावसाळ्यात माळशेजला किंवा आंबोलीला हाच उपाय. डीफ्रॉस्टचं बटण दाबलं की बहुतेक गाड्या हे सगळं स्वतःच करतात, म्हणून डीफ्रॉस्टमध्ये एसीचा दिवा लागला तर तो बंद करू नका.

बाहेर शून्याच्या आसपास किंवा खाली गेलं की कॉम्प्रेसर चालत नाही, कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून. काझाला त्यामुळे फक्त बाहेरची हवा आणि गरमीच कामाला येईल. तिथली हवा कोरडी असते, तेवढ्याने भागतं. पायाखाली बर्फाने माखलेले बूट आणून ठेवले की मात्र तो बर्फ वितळून काचेवर वाफ धरते, त्यासाठी रबरी मॅट ठेवा आणि त्यावरचं पाणी रोज ओता.

काच आतून स्वच्छ धुवा. धुरकट काचेवर वाफ लवकर धरते. केबिन फिल्टर धुळीने भरला असेल तर बदला, काचेवर वाराच पोचत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

म्युनिककर

इलेक्ट्रिक गाडीवाले वाचत असतील तर थोडं त्यांच्यासाठी. तिथे इंजिनची फुकटची उष्णता नाही. साधा हीटर म्हणजे बॅटरीवर चालणारी 5 किलोवॅटच्या आसपासची पीटीसी, म्हणजे विजेने तापणारी, कॉइल. सुरुवातीची 10-15 मिनिटं ती जोरात चालते, मग केबिन तापलं की 1-2 किलोवॅटवर येते. म्हणून छोट्या छोट्या फेऱ्यांत रेंज जास्त घटते. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारी यंत्रणा) असेल तर एका युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता मिळते, कडाक्याच्या थंडीत त्यापेक्षा कमी. टेस्लाने मॉडेल वायमध्ये तो 2020 पासून दिला. तुमच्या गाडीत कोणता आहे ते घेतानाच विचारा. चार्जरला जोडलेली असतानाच केबिन तापवून घ्या, आणि सीट हीटर असेल तर तो लावून केबिन दोन-तीन अंश कमी ठेवा. सीटला 100 वॅटच्या आत भागतं.

निफाडकर

शेवटचा प्रश्न. कूलंट किती घट्ट हवं? आत्ताचं रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंट किती अंशांना गोठेल ते दाखवणाऱ्या उपकरणावर) उणे 14 दाखवतंय.

रेडिएटरवाले

काझाला जानेवारीत रात्री उणे 20 च्याही खाली जातं, त्यामुळे उणे 14 चालणार नाही. कूलंट गोठलं तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधला गोठू न देणारा घटक) निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं ठेवा, ते साधारण उणे 37 पर्यंत टिकतं. 40 टक्क्यांना उणे 24 च्या आसपास. बाजारात मिळणाऱ्या काही रेडीमेड कूलंटमध्ये ग्लायकॉल 30-35 टक्केच असतं. ते कितीही ओतलं तरी निम्मं होणार नाही, म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) घ्या.

हिशेब असा. समजा एकूण क्षमता 6 लिटर आहे. रेडिएटरचा खालचा प्लग उघडला की साधारण 3.5 लिटर निघतं, बाकी 2.5 ब्लॉक आणि कोअरमध्येच राहतं. आधी डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा भरून, इंजिन तापवून, थंड झाल्यावर काढा, म्हणजे आत उरलेलं 2.5 लिटर जवळपास पाणीच असेल. मग 3 लिटर कॉन्सन्ट्रेट आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर ओता. हवा काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा रिफ्रॅक्टोमीटर लावा. 60 टक्क्यांच्या वर जाऊ नका, घट्ट कूलंट उष्णता कमी वाहतं.

नवं टोपण घेताय ते योग्यच. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा बारमधला दाब लिहिलेला असतो, जुन्यावर जो आकडा आहे तोच घ्या. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. साडेपाच हजार मीटरवर उघडं पाणी 82 अंशांच्या आसपासच उकळतं. टोपण दाब धरत असेल तर उकळण्याचं तापमान 110 च्या आसपास जातं. टोपण ढिलं असेल तर थंड हवेतसुद्धा घाट चढताना कूलंट उकळून बाहेर पडेल.

आणखी एक. डिझेल इंजिन आयडलला फार कमी उष्णता देतं. उणे 15 मध्ये अर्धा तास उभं राहून हीटर चालवलात तर काटा खाली येईल आणि वाराही कोमट होईल. ते बिघाड समजून तिथल्या गॅरेजला गाडी उघडायला लावू नका. पण रात्री झोपताना इंजिन चालू ठेवून हीटर कधीच लावू नका. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की धूर गाडीखालून आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बर्फ पडत असताना दिवसा थांबलात तरी इंजिन सुरू करण्याआधी मागे जाऊन सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने काढा.